दान कोणते आणि देणे कोणते?

बाजारात माल बांधून झाला आणि पैसे देण्याची वेळ आली म्हणजे दुकानदार पुष्कळदा हळूच एक प्रश्न विचारितो: पावती पाहिजे की नको? पावती घेतली तर कर धरून किंमत जास्त. न घेतली तर तेवढी कमी. रत्नागिरीस, लांज्यास किंवा राजापुरास घराच्या डागडुजीचे सामान आणावयास गेलेल्या आमच्या बहुतेक वाचकांनी हा प्रश्न ऐकिला असेल. आपल्या प्रार्थनामंदिराच्या छपराचे पत्रे विकत घेणाऱ्या पंचांसही तो विचारला जातो, आणि त्यांची अडचण अधिक मोठी असते. कारण हाती असलेला पैसा त्यांचा नसतो, मंडळीचा असतो, आणि तो वाचविणे हे आपले कर्तव्यच आहे असे त्यांस वाटते. रुपया वाचवून चार पत्रे जास्त आणिले तर त्यात पाप ते कोणते?

याच प्रश्नाची दुसरी बाजू अशी आहे की, जो व्यापारी पावतीवाचून माल विकितो, त्याचेच नाव कधीकधी एखाद्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर देणगीदार म्हणून कोरलेले असते. तो उदार मनुष्य आहे. संकटात धावून येतो. नेत्रशिबिराच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांस हात धरून गाडीतून उतरवितो. कोणा एका मनुष्यावर आमचा रोख नाही, असे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, "सरकारात भरलेला पैसा कोठे जातो कोण जाणे, मी माझ्या हाताने गरिबास देतो, ते काय वाईट?" हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याचा आज थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम सेवाभावी मंडळांविषयी दोन शब्द. शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने 1905 साली रोटरी मंडळ काढिले आणि 1917 साली त्याच देशात लायन्स मंडळाचा आरंभ झाला. आज रत्नागिरी, चिपळूण, खेड अशा आमच्या शहरांतूनही ही मंडळे आहेत. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक असे लोक एकत्र जमतात, वर्गणी काढितात, आणि मोतीबिंदूची शिबिरे, रक्तदान, शाळांस बाके व पुस्तके, पाण्याची सोय अशी कामे करितात. मार्गशीर्षाच्या सुमारास ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती व वाळू भरून जो वनराई बंधारा घालितात, त्याला अशी मंडळे, शाळेची मुले आणि गावकरी मिळून हात लावितात. वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही ज्या प्रांतात वैशाखात घागर रिकामी राहते, जांभ्याच्या दगडातून ज्या प्रांताचे पाणी खाली निघून जाते, तेथे तो गोण्यांचा बांध ही लहान गोष्ट नव्हे. गुरांस आणखी महिना दीड महिना पाणी मिळते, आणि आसपासच्या विहिरींस थोडा ओलावा राहतो.

(एवढे मात्र म्हणावेसे वाटते की, रस्त्याच्या कडेच्या काही बाकांवर बसण्याच्या जागेपेक्षा नावाच्या पाटीसच अधिक जागा दिलेली असते. परंतु डोंगर चढून आलेल्या मनुष्यास पाटीवर टेकूनही विसावा मिळतो. तेव्हा त्याविषयी आम्ही फार बोलत नाही.)

या मंडळांची थोरवी पाहावयाची तर पोलिओ निर्मूलनाचे काम पाहावे. 1985 साली रोटरीने हा रोग जगातून नाहीसा करण्याचा संकल्प सोडिला. त्यासाठी जगभरच्या सभासदांनी पैसा जमविला, आणि आपल्या देशात लसीकरणाच्या दिवशी कितीएक जण स्वतः केंद्रांवर जाऊन बसले. हिंदुस्थानातील या रोगाचा शेवटला रोगी 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ज्याच्या घरी एक पाय लुळा झालेले मूल होते, त्याला या दोन तारखांचे मोल सांगावयास नको. परंतु याच कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाडीवाडीवर लशीची पेटी खांद्याला अडकवून कोण गेले? सरकारी परिचारिका, अंगणवाडीच्या बाया आणि आशाताई. बर्फाची सोय, गाड्या, दवाखाने, याद्या हा सगळा अवाढव्य पसारा मुख्यत्वे सरकारी तिजोरीवर चालला. म्हणजे जो साबण आपण विकत घेतो त्यावरील करावर चालला. दात्यांनी धक्का दिला नसता तर गाडा कदाचित हललाच नसता, आणि तिजोरी नसती तर तो एकाच गावाच्या वेशीवर थांबला असता.

आता कोणी असे विचारील की, मग प्रत्येक शहराने आपल्या कामांसाठी आपल्याच बाजारातील विक्रीवर थोडा कर का बसवू नये? अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत ही चाल आहे. गावास नवा रस्ता किंवा नवे अग्निशमनगृह पाहिजे असले म्हणजे विक्रीवर शेकडा अर्धा किंवा एक असा स्थानिक कर बसवावा की नाही हे मतदानास टाकितात, आणि लोक होय म्हणाले तरच तो बसतो. त्या वेळी गावातील सेवामंडळांतही मोठा वाद होतो. एक म्हणतो, आपण वर्गण्या काढून बाग केली, वाचनालय केले, आता कर कशाला? दुसरा म्हणतो, दरवर्षी त्याच वीस घरांनी का द्यावे? सर्वांनी थोडे थोडे द्यावे.

आमच्याकडे नगरपालिकेस असा कर बसविण्याचा अधिकार आज नाही. रत्नागिरीची नगरपालिका 1876 सालची आहे. पूर्वी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन म्हणजे जकात. शहरात शिरणाऱ्या मालावर वेशीपाशीच्या नाक्यावर ती घेत, आणि अखेर खाणाराच ती भरी. सरसकट विक्रीकर मुंबई प्रांतात 1946 साली आला. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या जकाती 1999 साली उठल्या आणि त्यांच्या जागी राज्याकडून अनुदान येऊ लागले. पुढे 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. तो केंद्र आणि राज्य यांच्यामध्ये वाटला जातो, आणि शहर घरपट्टी व पाणीपट्टी घेऊन बाकीसाठी वरच्या हाताकडे पाहते. नाके गेले हे बरे झाले, कारण त्यांवर गाड्यांची रांग लागे आणि हात ओले केल्यावाचून ती पुढे सरकत नसे. परंतु त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. हा पैसा आमचा, आमच्याच गावाच्या कामास लागला, असे बोट दाखवून म्हणण्याची सोय गेली. कर दूरचा झाला, आणि दूरचे देणे चुकविताना मन फारसे टोचत नाही.

जकात हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. पवित्र शास्त्रात मत्तय जकातनाक्यावर बसलेला होता आणि तेथूनच प्रभूने त्याला बोलाविले. जक्कय तर जकातदारांचा मुख्य होता. रोमी सरकारचे जकातदार नेमल्यापेक्षा अधिक उकळीत. म्हणून लोक त्यांस पाप्यांच्या पंक्तीस बसवीत. "सरकारी पैसा कोठे जातो कोण जाणे" हे वाक्य त्या काळी यार्देनेच्या काठीही कोणी तरी बोलत असेल. असे जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे येऊन आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांस नाका सोडून पळून जाण्यास सांगितले नाही. ठरविले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. आमच्या मते यात पुष्कळ अर्थ आहे. लबाड अधिकाऱ्यावर उपाय म्हणजे त्याचा हिशेब तपासणे. त्याच्या लबाडीत आपली लबाडी मिळविणे हा उपाय नव्हे.

दान आणि कर यांच्या मधोमध आमच्या देशात एक जुनी चाल होती, तिचाही उल्लेख येथे केला पाहिजे. व्यापारी लोक प्रत्येक सौद्यावर गिऱ्हाइकाकडून काही पैसे 'धर्मादा' म्हणून लावून घेत, आणि त्यातून पाणपोई, धर्मशाळा, पांजरपोळ यांस मदत होई. देणाऱ्यास कोणी विचारीत नसे. चालच ती, म्हणून तो देई. म्हणजे हा एक प्रकारचा विक्रीकरच होता. फक्त तो सरकार घेत नसून बाजार घेत होता. हा पैसा कोणाचा, असा प्रश्न साहजिकच निघाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 साली झाला, त्यात याचे उत्तर दिले आहे: धर्मादा म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचा नव्हे, तो त्याचा केवळ विश्वस्त आहे, आणि वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत त्याने त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीस दिला पाहिजे. हे वाचून आम्हांस मोठे समाधान झाले. गिऱ्हाइकाच्या पैशाने पाणपोई बांधून तिजवर आपले एकट्याचे नाव घालणाऱ्यास कायद्यानेच सांगितले की, बाबा, यात तुझे काय आहे?

संगमेश्वरास व्यापारी पैसा फंड या नावाची संस्था शाळा चालविते. त्या नावातच केवढे शिक्षण आहे! एकाचा मोठा रुपया नव्हे, पुष्कळांचा लहान पैसा. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, म्हणजे नगरपालिकेहून जवळजवळ अर्धे शतक जुने. ज्या कामाची गरज राज्यकर्त्यांस अद्याप दिसलेली नसते ते काम स्वेच्छेने देणाऱ्यांस आधी दिसते. हा दानाचा मोठा गुण होय, आणि आमच्या मिशनांचा इतिहासही याची साक्ष देतो. डॉक्टर वान्लेस यांनी मिरजेस 1894 साली इस्पितळ सुरू केले ते कोणाच्या करावर नव्हे. दूर देशच्या मंडळ्यांतील लोकांच्या दानांवर.

इतके सर्व दानाच्या बाजूने सांगून आता आम्ही अशा गोष्टीकडे येतो की जी आमच्या पुष्कळ वाचकांच्या आजाने आपल्या अंगावर भोगली आहे. धर्मशील माणसांनी बांधलेल्या विहिरी आमच्या खेड्यांत होत्याच. पुण्यासाठी बांधलेल्या त्या विहिरींवर वाटसरू पाणी पीत, गुरे पाणी पीत. परंतु आमच्या आजीस घागर घेऊन दूर उभे राहावे लागे, आणि कोणी दया करून वरून ओतील तर पाणी मिळे. विहीर दानाची, आणि पाणीही दानाचे! दाता म्हणे, माझी विहीर, मी कोणास पाणी द्यावे ते मी ठरवीन. त्याला उत्तर कोणते? दान मागता येते, पण हक्काने मागता येत नाही.

1923 सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी एक ठराव मांडिला व तो पास झाला. त्याचा आशय असा की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत. त्या ठरावाचा सगळा आधार एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे सार्वजनिक पैसा. कर सर्वांनी भरिला, तर वस्तू सर्वांची. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे मोकळे असल्याचे ठरविले, परंतु कागदावरचे पाणी कोणाची तहान भागवीना. मग ज्यांचे घराणे याच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. पुढे विरोध्यांनी न्यायालयात काय सांगावे? हे तळे सार्वजनिक नव्हेच, खाजगी आहे! दहा वर्षे तो तंटा चालला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रह्यांच्या बाजूने निकाल दिला. वाचकहो, विरोध्यांची ही युक्ती नीट ध्यानात धरा. सार्वजनिक म्हटले की त्यांचा दावा पडत होता, आणि खाजगी म्हटले तरच तो उभा राहण्याची आशा होती.

म्हणून कोणी आम्हांस म्हणेल की कर नकोत, शाळा, दवाखाना, पाणी हे सर्व उदार माणसांच्या मर्जीवर सोपवा, तर आम्ही त्याचे आभार मानून त्यास महाडची गोष्ट सांगू. नळाचे पाणी भरताना बाईने मान वर करून उभे राहावे, यासाठी ते पाणी कोणाचे उपकार असता कामा नये. पाणीपट्टीची पावती तिच्या घरी असणे हे तिच्या मानाचे कारण आहे.

तथापि कर या नावाने जे जे घेतले जाते ते सर्व न्याय्यच, असेही कोणी समजू नये. याच किनाऱ्यावर शिरोडे गाव आहे; ते पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता सिंधुदुर्गात आहे. 1930 सालच्या मे महिन्यात तेथील मिठागरांवर लोकांनी कायदा मोडून मीठ उचलिले व लाठ्या खाल्ल्या. मिठावरचा कर रक्कम पाहता लहानच होता. मग एवढा क्षोभ का? कारण राजाच्या आणि रंकाच्या पेजेत मीठ सारखेच पडते. तेव्हा रंकाच्या मिळकतीतून तो कर कितीतरी अधिक कापून नेतो. शिवाय तो बसविताना रंकास कोणी विचारिले नव्हते. तो कर 1947 साली गेला. आज मिठावर, ताज्या मासळीवर, भाजीवर आणि सुट्या तांदळावर वस्तू व सेवा कर नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाच्या साबणावरील व केसांच्या तेलावरील कर शेकडा 18 वरून 5 वर आणिला आहे. हा योग्य दिशेने झालेला बदल होय. परंतु विक्रीवरील कराचा मूळ दोष त्याने सर्वस्वी जात नाही. ज्याची मिळकत लहान त्याची सगळी मिळकत दुकानातच जाते. ज्याची मोठी, त्याचा मोठा भाग पेढीत शिल्लक राहतो व दुकानाची पायरी चढतच नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा प्रभूने पाहिली, आणि तिने सर्वांहून अधिक टाकिले असे म्हटले, कारण त्याने तिच्या हातातले नव्हे तर तिच्या घरात उरलेले मोजिले. कर बसविणाऱ्यांनीही अशीच मोजणी करावी, आणि विधवेच्या दोन टोल्या चुलीसाठी तिच्याजवळ राहू द्याव्यात. ती आपखुशीने देईल तर तो तिचा गौरव आहे. आपण तिच्याकडून घेऊ तर ती आपली लाज आहे.

आता त्या उदार व्यापाऱ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. तो सरकारास चुकवितो व गरिबास देतो, त्यात वाईट काय? प्रभूच्या काळी कुर्बान नावाची एक चाल होती. एखादा मुलगा आपल्या मिळकतीविषयी, ही देवास वाहिली आहे, असे म्हणे, आणि मग म्हाताऱ्या आईबापांस त्यातून काही न द्यावयास तो मोकळा होई. देवाचे नाव, मंदिराचे काम, सर्व काही पवित्र. परंतु घरात बाप उपाशी! प्रभूने या चालीस किती कठोर शब्दांनी धिक्कारिले हे आमचे वाचक जाणतात. त्या मुलाचे देणे कोणते ते आधीच ठरलेले होते. ते बुडवून त्याने दुसरीकडे जे वाहिले त्यास दान म्हणता येत नाही. ती आईबापांची भाकर होती. कराचेही तसेच आहे. आपण ज्या रस्त्याने माल आणिला, ज्या शाळेत आपल्या कारकुनाने हिशेब शिकला, ज्या दवाखान्यात आपल्या घरचे बाळंतपण झाले, त्यांचे मोल आपल्याकडून येणे आहे. ते आपल्या खिशात ठेवून त्यातलेच थोडे टाकीवर नाव कोरून परत देणे, हा दुसऱ्याच्या पैशाने केलेला धर्म होय. आणखी एक बारकी गोष्ट: मान्य संस्थेस दिलेल्या दानावर काही अटींनी आयकरात सूटही मिळते. म्हणजे त्या दानातही थोडा भाग इतर सर्वांचा असतो. पाटीवर मात्र नाव एकाचेच येते.

याउलट जक्कय पाहा. त्याने उभे राहून दोन गोष्टी निरनिराळ्या सांगितल्या. अर्धे द्रव्य गरिबांस, ही एक. आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट परत, ही दुसरी. गरिबांस अर्धे दिले म्हणजे फसविलेल्यांचे फिटले, असे त्याने म्हटले नाही. जन्मभर जकातीचे हिशेब लिहिलेला मनुष्य तो. दान आणि देणे यांच्या वह्या वेगळ्या असतात हे तो जाणत होता.

येथे लहान दुकानदारांस न्याय दिला पाहिजे. ज्याची मालाची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत आहे, त्यास बहुधा या कराची नोंदणीच करावी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्यास गिऱ्हाइकाकडून कर घेण्याचा अधिकारही नाही. तेव्हा वाडीवरच्या टपरीने कराची पावती दिली नाही म्हणून उगाच तिच्या मालकिणीस चोर समजू नये. आमचे बोलणे त्याविषयी आहे की, जो कर घेऊ शकतो, भरू शकतो, आणि दोन किंमती सांगून आपल्यालाही त्या चुकवाचुकवीत भागीदार करून घेतो.

मग मंडळीने काय करावे? काही उपदेशक म्हणतात की अशा व्यापाऱ्याची देणगीच घेऊ नये. आम्ही इतके पुढे जात नाही. देणाऱ्याच्या वह्या तपासण्याचा अधिकार पाळकास नाही, आणि ज्याचा पैसा आपण नाकारू तो आणखी कोणाचा घेतो हेही आपणांस ठाऊक नसते. परंतु दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. देणगी घेऊन त्याच्या अन्यायाविषयी मौन विकू नये. आणि आपल्या स्वतःच्या वह्या अशा ठेवाव्यात की कोणीही केव्हाही त्या उघडाव्यात. हनन्या व सप्पीरा यांचा अपराध कमी दिल्याचा नव्हता; शेत त्यांचे होते, न देण्याची त्यांस मोकळीक होती. थोडे देऊन सगळे दिले असे दाखविणे, हा तो अपराध. आमच्या काही मंडळ्यांचे हिशेब दोन दोन वर्षे वाचले जात नाहीत हे आम्हांस माहीत आहे, आणि मग तेच पंच ग्रामपंचायतीच्या हिशेबाविषयी चावडीवर मोठ्याने बोलतात!

करास स्वेच्छेचे रूप देता येते काय? नहेम्याच्या काळी आला आहे असा एक प्रसंग. यरुशलेमेचा कोट बांधताना ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधिला. ती सेवा झाली. परंतु कोट बांधून झाल्यावर मंदिराचे नित्याचे काम चालवावयाचे होते, आणि नित्याचे काम उत्साहावर चालत नाही. तेव्हा लोकांनी एकत्र जमून आपण होऊन आपणांवर दरसालचा शेकेलाचा तिसरा हिस्सा बसवून घेतला, आणि त्यावर प्रमुखांनी शिक्के केले. तो कर होता, कारण ठरल्यावर कोणास टाळता येत नव्हता. आणि ते दानही होते, कारण तो कोणी लादला नव्हता. त्याच लोकांनी थोड्या काळापूर्वी राजाच्या करासाठी शेते गहाण पडल्याची ओरड केली होती हे विसरू नये. ओरड कराच्या नावाची नव्हती. न विचारता घेतलेल्या आणि गरिबास बुडविणाऱ्या कराची होती.

आमच्या खेड्यांत याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे ग्रामसभा. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची फी यांचा पैसा कोठे गेला हे विचारण्याचा अधिकार तेथे प्रत्येक मतदारास आहे. उत्तर न मिळाले तर 2005 सालचा माहितीचा अधिकार आहे. तरीही आमचे कितीएक बंधू ग्रामसभेच्या दिवशी शेतावर जातात, आणि बहिणी गेल्याच तर दाराशी बसतात. ज्या हक्कासाठी महाडास लोकांनी डोकी फोडून घेतली, तो वापरावयास चार तास बसावे लागते म्हणून आपण कंटाळतो. पाणीपट्टी थकलेल्या मनुष्यास तेथे तोंड वर करून बोलता येत नाही, हेही खरे. म्हणून ती आधी भरावी.

राहता राहिले प्रार्थनामंदिराचे पत्रे. पंचांनी पावती घ्यावी, असे आमचे मत आहे. पत्र्यांवर शेकडा 18 कर पडतो, तो लहान नाही. हजारांच्या खरेदीत त्याने मंडळीच्या पेटीचा तळ दिसतो, आणि पाऊस तर मृगास उभा आहे. तरी पावतीवाचून आणलेल्या पत्र्याखाली उभे राहून उपदेशकाने जक्कयाचा धडा कसा वाचावा? मिझोरामच्या मंडळ्यांतील बहिणी 1910 सालापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ काढून ठेवीत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तेथे शाळा व उपदेशक चालले. आपल्याकडेही ज्या घरी ही चाल आहे त्यांनी ती चालू ठेवावी, आणि जेथे नाही तेथे ती घालावी. यंदा चार पत्रे कमी पडले तर मागच्या बाजूस एक वर्ष झापे घालून घ्यावीत. त्या चार पत्र्यांसाठी माघापर्यंत मुठी काढाव्यात, आणि पावती मंडळीच्या वहीला टाचून ठेवावी.